टाकीमागची रोपं

२०२१ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तुळशीचं रोप आणायला पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. हडपसर सोडून लोणी काळभोर मागे पडलं, की सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सरीच नर्सरी लागतात. पुढच्या रांगेत गुलाब, जरबेरा, डेलिया फुललेले होते आणि त्यांच्यामागे हिरव्या शेडनेटखाली शोभेची झाडं. हात धुवायला म्हणून पाण्याच्या टाकीकडे गेले, तर टाकीच्या मागे काळ्या पिशव्यांचा ढीग दिसला. काही आडव्या पडलेल्या, काहींतली माती सांडलेली. एका मोगऱ्याला एकही पान नव्हतं. शेजारच्या गुलाबाला चार पिवळी पानं होती आणि एक कळी उमलायच्या आधीच वाळलेली.

"मामा, ही विकायची आहेत का?" मी नर्सरीवाल्यांना विचारलं.

"ती नका घेऊ ताई. ती आता खड्ड्यात जायची. पुढं चांगला माल आहे की."

पण आमच्या कोरेगावच्या घरी न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला मोगरा होता, आणि तसा एखादा आपल्या हडपसरच्या फ्लॅटमध्येही असावा असं मला फार दिवस वाटत होतं. मामांनी गुलाबाचे तीस आणि मोगऱ्याचे वीस रुपये घेतले. तुळस तशीच दिली.

गुलाबाला मी त्याच संध्याकाळी हात घातला. पिशवी फाडली, मुळांवरची सगळी माती झटकली, मोठ्या कुंडीत भरपूर शेणखत घालून तो लावला, वर चमचाभर डीएपी खत टाकलं आणि गच्चीत भर उन्हात ठेवला. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालत होते. नवव्या दिवशी त्याची फांदी बुडापासून काळी पडली.

मोगऱ्याकडे बघायला मला सवडच झाली नाही. तो धुण्याच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी पिशवीतच राहिला. आठवण झाली की दोन-तीन दिवसांतून एकदा पेलाभर पाणी मिळायचं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कपडे वाळत घालताना लक्ष गेलं, तर बुडाशी तीन ठिकाणी मोहरीएवढे हिरवे डोळे फुटले होते.

ज्याच्यासाठी मी जीव टाकला ते रोप गेलं आणि ज्याच्यासाठी काहीच केलं नाही ते जगलं. हे असं का झालं, याचा शोध मी तेव्हापासून घेते आहे. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात हिशोब लिहिणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे वहीची सवय होती. टाकीमागून आणलेल्या प्रत्येक रोपाची तारीख, किंमत, अवस्था आणि पुढे काय झालं हे मी लिहून ठेवत गेले. बागकाम शिकू पाहणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं, म्हणून त्या वहीतलं इथे सांगते आहे.

रोप मागे का पडतं

टाकीमागे गेलेलं प्रत्येक रोप मुळातच दुबळं असतं असं नाही. पुष्कळदा त्याचा विकला जाण्याचा काळ उलटून गेलेला असतो. आपण फूल बघून रोप घेतो. बहर सरला की तेच रोप गिऱ्हाइकाच्या नजरेत भरत नाही, तोवर नवा माल येतो आणि जुना जागा करून देत मागे सरकतो. दिवाळीनंतर शेवंतीचं असं होतं. नाताळ झाला की लाल पानांच्या पॉइनसेटियाचं होतं. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, त्या दिवसांत शहरात गुलाबाला मागणी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलून गेलेले गुलाब स्वस्त मिळतात.

दुसरं कारण मातीत असतं. या पट्ट्यात रोपं तयार होतातच, पण शोभेची कितीतरी झाडं आंध्र प्रदेशातल्या गोदावरीकाठच्या कडियमहून ट्रकने येतात. त्यांच्या मुळाशी बहुधा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासाला ती माती फार सोयीची, कारण गोळा फुटत नाही आणि ओल टिकते. पण महिनोन्महिने त्याच गोळ्यात राहिलेल्या मुळांना हवा मिळत नाही. काही रोपं याच्या अगदी उलट, नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. त्यांना रोज मोजून पाणी आणि पाण्यातून खत मिळत आलेलं असतं. ते थांबलं की ती उपाशी पडतात.

तिसरं कारण पिशवीचं. वितभर पिशवीत मुळं गोल गोल फिरत राहतात. वर्षभराने पिशवीत मातीपेक्षा मुळंच जास्त होतात, आणि पाइपने वरून मारलेलं पाणी त्या जाळ्यातून सरळ खाली निघून जातं.

ही कारणं कळली तेव्हा माझी बघण्याची रीत बदलली. रोप मलूल दिसलं की आता मी आधी विचारते, याला इथे नेमकं काय मिळालं नाही?

निवडताना

दया आली म्हणून सगळीच रोपं उचलू नयेत. जगण्याची शक्यता कुठे आहे, हे दोन मिनिटांत बऱ्यापैकी कळतं.

आधी नख लावायचं. फांदीच्या सालीवर अगदी हलकं खरवडायचं. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली येऊन पुन्हा बघायचं. शेंड्याकडे वाळलेलं आणि बुडाशी हिरवं असेल, तर ते रोप मी घेते. माझ्या मोगऱ्याचं तसंच होतं.

मग बुंधा चाचपायचा, म्हणजे खोड मातीत जिथे शिरतं ती जागा. ती टणक हवी. तिथे काळपट, मऊ, बोट लावल्यावर दबणारं काही लागलं, तर कुजणं खोडापर्यंत पोचलेलं असतं. अडेनियमच्या बाबतीत ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. त्याचं फुगीर खोड सुरकुतलेलं पण टणक असेल तर ते तहानलेलं आहे. मऊ पडलं असेल तर आतून सडलेलं आहे. पहिलं वाचतं, दुसरं सहसा वाचत नाही.

नंतर पिशवीच्या भोकातून मुळं बघायची आणि माती हुंगायची. पांढरी किंवा फिक्कट, कडक मुळं चांगली. तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वास येणारी मुळं वाईट. शेवटी पानं उलटून बघायची. कापसासारखे पुंजके, बारीक जाळी, खोडाला चिकटलेले खवले दिसले, तर ते रोप घरातल्या बाकी झाडांनाही त्रास देणार हे धरून चालायचं. थोडी कीड असेल तर मी घेते, फांदी न् फांदी भरलेली असेल तर सोडून देते.

पहिले पंधरा दिवस

माझ्या वहीचा सगळ्यात मोठा धडा या पंधरा दिवसांचा आहे. रोप घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस त्याला शक्य तितका कमी हात लावायचा.

मी ते बाकीच्या कुंड्यांपासून लांब, धुण्याच्या बाल्कनीत ठेवते. तिथे उजेड भरपूर आहे, ऊन फक्त सकाळचं तासभर येतं. पूर्ण वाळलेल्या काड्या आणि कुजकी पानं तेवढी काढते. पिशवी फाडत नाही, खत घालत नाही, जागा सारखी बदलत नाही. रोज सकाळी एकदा बघते आणि काही फरक दिसला तर लिहून ठेवते.

यामागे कारण आहे. झाडाला पाणी पोचवण्याचं बरंचसं काम मुळांच्या टोकाजवळची अतिशय बारीक केसमुळं करतात. माती झटकली की ती तुटतात. मग उरलेल्या मुळांना वरची पानं पोसता येत नाहीत. त्यात कडक ऊन लागलं, की पानांतून जितकं पाणी उडतं तितकं खालून येत नाही. गुलाबाचं मी नेमकं हेच केलं होतं.

आणि खताचं काय झालं, ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की तिला पाणी सुटतं. रासायनिक खतं हे एक प्रकारचे क्षारच असतात. मुळांभोवती ते फार झाले, की मुळांनी मातीतलं पाणी ओढायचं ते उलट मुळांतलंच पाणी बाहेर येऊ लागतं. निरोगी झाड थोडं जास्त खत सोसतं. तुटक्या मुळांचं झाड सोसत नाही. तापातून उठलेल्या माणसाला आपण आधी पेज देतो, पुरणपोळी नाही. रोपाची पेज म्हणजे सावली, थोडी ओल आणि स्वस्थता.

ज्या रस्त्यावरून मी ही रोपं आणते, त्याच रस्त्यावर उरुळी कांचनला महात्मा गांधींनी १९४६ साली सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे. माती, पाणी, ऊन, हवा आणि मोजका आहार यांवर तिथल्या उपचारांची भिस्त. त्या फाटकावरून जाताना मला दर वेळी वाटतं, रोपांच्या बाबतीतही आपल्या हातात खरं तर एवढंच असतं. शरीर स्वतःला सावरत असतं, आपण त्याला अडथळा करायचा नाही.

त्या मार्चमध्ये मी आईला फोनवर मोगऱ्याला फुटलेल्या डोळ्यांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "आता लय हात लावू नगं त्याला. त्याचं त्याला येऊ दे." पुढचं सगळं शिक्षण मी या वाक्याच्या आधाराने घेतलं.

पाणी

पान मान टाकतं तेव्हा आपण पाणी घालतो. पण मुळं कुजलेलं झाडही तशीच मान टाकतं. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि मग भोवती पाणी असूनही ते वर चढत नाही. वरून दिसणारं लक्षण मात्र तहानेचंच. त्यावर आणखी पाणी घातलं की झाडाची उरलेली आशाही संपते.

म्हणून पानाकडे बघून पाणी घालायचं नाही, मातीत बोट घालायचं. दुसऱ्या पेरापर्यंत बोट आत गेल्यावर ओल लागली तर थांबायचं. कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्यायचं, खालच्या भोकातून निघेपर्यंत, आणि बशीत साठलेलं पाणी ओतून टाकायचं. थोडं थोडं रोज देण्यापेक्षा हे बरं. पिशवी उचलून बघायची सवयही कामाची आहे. पाणी दिल्यावरचं वजन आणि कोरडं झाल्यावरचं वजन हाताला आठ दिवसांत कळू लागतं.

कोकोपीटमधल्या रोपांनी मला वेगळीच गोष्ट शिकवली. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की सहजासहजी पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून खाली येतं, आपल्याला वाटतं झाड न्हालं, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत असतो. अशी पिशवी मी बादलीत, काठ बुडणार नाही इतक्या पाण्यात, अर्धा तास ठेवते. बुडबुडे यायचे थांबले की गोळा भिजला. मग ती काढून नीट निथळू देते. वीस रुपयांचं एक स्पायडर प्लांट अशा एका बुडवणीनंतर रात्रीत उभं राहिलं होतं.

पिशवी फाडल्यावर

पंधरा-वीस दिवसांनी नवा कोंब दिसला, किंवा निदान घसरण थांबली, की मग कुंडीचा विचार. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मी शक्यतो कुंडी बदलत नाही. मृगाचा पाऊस पडून हवा ओली झाली की जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम. त्या हवेत पानांतून पाणी कमी उडतं आणि मुळांना पुन्हा फुटायला उसंत मिळते.

मुळांनी गोल वेढे घातले असतील तर ते हाताने सैल करते. फारच घट्ट असतील तर स्वच्छ कात्रीने गोळ्याच्या कडेला तीन-चार उभ्या चिरा देते, नाहीतर नव्या कुंडीतही मुळं त्याच वर्तुळात फिरत राहतात. चिकट मातीचा गोळा असेल तर तो तासभर पाण्यात भिजवून बाहेरचा तिसरा हिस्सा तेवढा बोटांनी हळू मोकळा करते. आतला गाभा तसाच राहू देते.

नवी कुंडी जुन्या गोळ्यापेक्षा दोन बोटंच मोठी हवी. लहान मुळांभोवती फार माती असली की ती दिवसेंदिवस ओली राहते. माझं मिश्रण साधं आहे: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं जुनं शेणखत, अर्धा भाग जाड वाळू आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. आजारातून उठलेल्या रोपाला शेणखत निम्मंच घालते. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा त्याला शेणाचा वास आला, तर ते अजून कच्चं आहे.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालायची आपल्याकडे पद्धत आहे. मीही घालत असे. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते मातीतच अडून राहतं. विटांच्या थरामुळे मुळांची जागा मात्र कमी होते. आता मी भोकावर एक खापरीचा तुकडा उपडा ठेवते, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. कुंडीला भोक असणं आणि माती भुसभुशीत असणं, निचरा होतो तो या दोन गोष्टींनी.

पानाची मागची बाजू

पंचवीस रुपयांच्या एका जास्वंदीने मला कीड ओळखायला शिकवलं. तिच्या शेंड्यांना कापूस चिकटल्यासारखा दिसत होता आणि खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. मला आधी मुंग्यांचाच राग आला. पण मुंग्या पान खात नव्हत्या. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकटा बाहेर टाकतात. त्या गोडाच्या ओढीने मुंग्या त्यांना राखतात, शत्रूंपासून वाचवतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी काजळी धरते. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की मी आता लगेच पानं उलटून बघते. बहुतेक वेळा पिठ्या ढेकूण, मावा किंवा खवले कीड सापडतेच.

फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. बाकीचे पुंजके जुन्या मऊ टूथब्रशने साबणाच्या पाण्यात काढले. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा पातळ साबण घालून, चांगलं ढवळून फवारलं. फवारणी संध्याकाळी करायची, कारण तेल लागलेलं पान उन्हात भाजतं. दर सात-आठ दिवसांनी असं तीन-चार वेळा करावं लागलं, कारण एका फवारणीत अंडी संपत नाहीत. दोन महिन्यांनी जास्वंद स्वच्छ झाली.

उन्हाळ्यातला शत्रू वेगळा. एप्रिलच्या कोरड्या हवेत पानं फिकट, ठिपकेदार, धूळ बसल्यासारखी दिसली, तर पांढऱ्या कागदावर फांदी झटकून बघायची. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले तर ते लाल कोळी. त्यांना कोरडं आणि गरम हवामान मानवतं. पानांच्या मागून पाण्याची जोरदार धार दोन-तीन दिवसांआड मारली, तर सुरुवातीचा उपद्रव बराच आटोक्यात येतो.

ज्याचं त्याचं दुखणं

हळूहळू लक्षात आलं की सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

गुलाब बहुधा डोळा भरलेला असतो. खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यावर आपल्याला हव्या त्या जातीचा डोळा. दुर्लक्षित रोपात वरचा भाग खंगतो आणि खुंटातून जोमदार सरळ फुटवा येतो. तो बघून आपण हरखतो, पण कलमाच्या गाठीखालून आलेला फुटवा सगळं अन्न स्वतःकडे ओढतो आणि वरची जात मारतो. तो जिथून निघाला तिथूनच काढून टाकायचा. दुसरा गुलाब आणला तेव्हा मी आधी ती गाठ शोधली. तो आज गच्चीत आहे.

अनंताची पानं पिवळी पडली की लोक खत घालतात. मी जरा निरखून बघते. जुनी, खालची पानं सबंध पिवळी असतील तर नत्र कमी असेल. पण कोवळी, शेंड्याकडची पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. आमच्या भागात बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी जड, कुंडीच्या काठाला पांढरा थर बसतो. अशा चुनखडी पाण्याने माती अल्कधर्मी होत जाते आणि तिच्यात लोह असलं तरी ते मुळांना घेता येत नाही. मी लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब घालून संध्याकाळी पानांवर फवारलं. नवी पानं हिरवी आली. त्यापेक्षाही मोठा फरक पडला पावसाचं पाणी बादल्यांत धरून दिल्याने.

शेवंतीने मला सगळ्यात जास्त दिलं. दिवाळीनंतर पंधरा रुपयांना घेतलेलं, फुलं करपलेलं रोप चार बोटांवर छाटलं. महिन्याभरात बुडाशी काश्या फुटल्या. त्या मुळांसकट सोडवून वेगळ्या लावल्या, एकाच्या सात झाल्या. पावसाळ्यात शेंडे खुडत गेले की झाड पसरतं. दिवस लहान होऊ लागले की तिला कळ्या येतात.

पॉइनसेटियाचंही तसंच. मूळ मेक्सिकोचं हे झाड. आपण ज्याला फूल म्हणतो ती त्याची रंग बदललेली पानं असतात, आणि तो रंग यायला त्याला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. माझं रोप दोन वर्षं हिरवंच राहिलं होतं. गॅलरीतला दिवा रात्री उशिरापर्यंत त्याच्यावर पडायचा. ऑक्टोबरपासून ते मागच्या खिडकीत हलवलं, आणि डिसेंबरात शेंडे लाल झाले. त्याचा पांढरा चीक मात्र हाताला लागू देऊ नये.

वहीतला हिशोब

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे अभ्यासक होते. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'तून शेतकऱ्यांनी स्वतःच्या रानात निरीक्षणं करून एकमेकांना शिकवलं. त्यांचं काम वाचलं तेव्हा मला धीर आला. आपलं झाड आपण बघायचं, जे दिसलं ते लिहायचं, थोड्यावर करून पाहायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतही हे करता येतं.

माझ्या वहीत आजवर निकाल लागलेली ४१ रोपं आहेत. २६ जगली, १५ गेली. गेलेल्यांपैकी सात माझ्या जास्त पाण्याने गेली. तीन आणली तेव्हाच आतून संपलेली होती. दोन उन्हात करपली, दोन किडीने गेली, एक आम्ही गावाला गेलो तेव्हा वाळलं. पहिल्या वर्षी नऊ गेली, शेवटच्या वर्षी एक. ही घट मी फार मोलाची मानते.

रोपांवर एकूण १,१३० रुपये खर्च झाले. माती, शेणखत, कोकोपीट आणि कुंड्यांवर याच्या तिपटीहून जास्त. तेव्हा स्वस्त रोप आणण्याआधी त्याच्या घराची तयारी ठेवावी. मी आता रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तळाशी सहा-सात भोकं पाडून वापरते. आणि गेलेलं रोप सोडून देण्याचीही तयारी हवी. मुळं कुजून गेलेलं झाड मी खताच्या डब्यात टाकत नाही, वेगळं बांधून कचऱ्यात देते. त्याची मातीही पुन्हा वापरत नाही.

मग इतकी उठाठेव कशासाठी? पाचशे रुपयांचं तजेलदार झाड आणलं की आपण ते राखतो. वीस रुपयांचं मलूल रोप आपल्याला बघायला लावतं. त्याच्या प्रत्येक पानाची खबर घ्यावी लागते. निरोगी झाडाने मला वर्षभरात जे सांगितलं नसतं, ते या रोपांनी महिन्याभरात सांगितलं.

तो पहिला मोगरा आता कमरेएवढा आहे. २०२२ च्या जानेवारीत मी त्याला पाण्याचा ताण दिला, गुडघ्याइतका छाटला, पालवी फुटू लागल्यावर शेणखत घातलं. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर, म्हणून छाटणीला भ्यायचं नसतं. मार्चच्या अखेरीस त्याला अकरा कळ्या आल्या. आई तेव्हा आमच्याकडे होती. तिने पहाटे दोन फुलं खुडून माठात टाकली आणि बाकीची झाडावरच ठेवली. त्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी पाणी प्यायले, आणि न्हाणीमागचं आमचं जुनं अंगण मला क्षणभर जसंच्या तसं दिसलं.

मामा आता टाकीमागची रोपं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. गेल्या खेपेला त्यांनी सोनचाफ्याचं एक कलम दिलं, पन्नास रुपयांना. चार पानं होती, तीही आठ दिवसांत गळली. ते वॉशिंग मशीनशेजारी, मोगऱ्याच्या जागेवर ठेवलं आहे. पाच आठवडे झाले, डोळा फुटलेला नाही. काल नखाने हलकं खरवडून बघितलं, साल अजून हिरवी आहे. वहीत त्याच्या नावापुढचा रकाना मी मोकळा ठेवला आहे.